बायसनांच्या सोयरिकी

डॉ. दिगंबर खानझोडे नवीन माणूस भेटला की त्याचं नाव विचारत नसत. "आईचं माहेरचं आडनाव काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि तिच्या आईचं?" टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या मराठी घरांत बारशाला, सत्यनारायणाला, नव्या घराच्या वास्तुशांतीला काका आले की नवखी मंडळी चपापत. म्हातारा जात काढतोय की काय, असं वाटायचं. जात त्यांना कळत नव्हती असं नाही, पण त्यांना हवं असायचं ते वेगळंच. हा माणूस किती घरांतून मिळून झालाय, ते. ज्याला आजीच्या माहेरचं आडनाव सांगता येत नसे त्याच्याकडे ते असे बघत, जणू त्याचा पासपोर्ट हरवलाय.

त्यांच्याविषयी गोड बोलणारे पुष्कळ आहेत. ते गेल्यावर तर सगळ्यांनाच त्यांचा लळा होता असं कळलं. मला गोड लिहायचं नाही. मी त्यांच्यावर चिडले होते, चिडलेली आहे, आणि हे लिहून झाल्यावरही असेन. तरी लिहिते आहे, कारण गोड बोलणाऱ्यांपैकी एकालाही हा माणूस नक्की काय करत होता ते धड सांगता येत नाही.

आमची ओळखच भांडणातून झाली. दोन हजार सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी टोरोंटोत शिकत होते, घर मिल्टनला, आणि उरलेला सगळा वेळ एका लहानशा पर्यावरणवादी संस्थेसाठी पत्रकं लिहीत होते. दुमडलेला कागद, वर एक ठळक ओळ, आत संकट, मागे 'तुम्ही काय करू शकता'. नदी असो, जंगल असो, बेडूक असो, साचा तोच. त्या दिवाळीला मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चकल्यांच्या स्टॉलशेजारी टेबल मांडून बसले होते. पत्रकाची ठळक ओळ होती, 'उत्तरेचे वुड बायसन संपत चालले आहेत.'

एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले. सूट चांगला, पायात मात्र बर्फात घालायचे जाडजूड बूट. त्यांनी पत्रक उघडून शेवटपर्यंत वाचलं. असं कुणी करत नाही. मग खिशातून पेन काढून ठळक ओळीवर सरळ रेघ मारली.

"हे काय छापून ठेवलं वं पोरी? संपून नाही राहिले. वाढून राहिले."

"वाढत असतील तर चांगलंच आहे ना, काका."

"काहून चांगलं?" त्यांनी हॉलकडे हात केला. "हे इतके लोक आहेत. उद्या याच्या दुप्पट झाले. पण सगळे एकाच आजोबाचे नातू. मंडळ वाढलं का?"

मी पत्रकांचा गठ्ठा सरळ केला.

"एक ताप आला, की सगळे एकदम झोपतील. कारण सगळ्यांचं रक्त एकाच विहिरीचं. आईचं माहेरचं आडनाव काय तुझ्या?"

"केतकर."

"आजीच्या माहेरचं?"

"माहीत नाही."

"मंग तू लोकांना बायसनांचं काय सांगशील," असं म्हणून ते चकल्यांकडे वळले. जाताना रेघ मारलेलं पत्रक त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. तेव्हापासून मी 'पत्रकबाई'. पुढे अनेक वर्षं फोनवर त्यांनी कधी हॅलो म्हटलं नाही. "बोला, पत्रकबाई," अशीच सुरुवात.

ते कशाबद्दल बोलत होते ते मला नंतर कळलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण ही गोष्ट कुठल्याच शाळेत नीट सांगत नाहीत. कॅनडात बायसन, म्हणजे इथले केसाळ रानगवे, दोन प्रकारचे. दक्षिणेच्या गवताळ मैदानातले, आणि उत्तरेच्या जंगलातले. हे जंगलातले वुड बायसन आकाराने मोठे, खांद्यावरचं वशिंड उंच आणि पुढे आलेलं. शिकारीने दोघांचाही जवळपास निकाल लागला होता. मग गेल्या शतकाच्या विशीत सरकारला शहाणपण सुचलं. दक्षिणेतल्या कुंपणात मैदानी बायसन फार झाले होते, म्हणून हजारो जनावरं आगगाडीत आणि तराफ्यांवर घालून उत्तरेला वुड बायसनांच्या रानात सोडून दिली. जाणकारांनी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं की करू नका. केलंच. वाण मिसळला, आणि पाळीव गुरांकडून आलेले क्षय आणि गाभ पाडणारा ब्रुसेलोसिस हे दोन रोग रानात पोचले. ते आजही तिथेच आहेत. पुढे एका कोपऱ्यात बऱ्यापैकी शुद्ध असा एक लहान कळप सापडला. त्यातली मोजकी जनावरं उचलून दुसरीकडे कुंपणात वाढवली. आज निरोगी म्हणून जे वुड बायसन दाखवतात, त्यातले बहुतेक त्या मोजक्यांची पोरं-नातवंडं. रक्ताची खरी विविधता राहिली कुठे? त्या रोगी कळपांत. आणि रोगी कळप मारून टाका, नाहीतर आमच्या गुरांना धोका, असा धोशा गोमांसाच्या धंद्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं लावला होता. रोग दिला कुणाच्या गुरांनी, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

खानझोडेकाकांचं काम या चिमट्यात होतं. नागपूरला पशुवैद्यकी करून ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले, जनुकशास्त्रात शिरले, एका विद्यापीठात प्रयोगशाळा चालवली आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर खरं काम सुरू झालं. उत्तरेत, एका मोठ्या नदीकाठच्या गावाबाहेर एक प्रकल्प होता. रोगी कळपातली नुकतीच जन्मलेली वासरं रोग लागायच्या आत उचलायची, कुंपणात बाटलीने दूध पाजून वाढवायची, पुन्हा पुन्हा तपासायची. आणि ती मोठी झाली की कुठला वळू कुठल्या गाईंबरोबर सोडायचा, ते ठरवायचं. ते ठरवणारे काका. रानात एखादा दांडगा वळू सगळ्या गाईंवर हक्क सांगतो आणि पुढची पिढी सगळी त्याचीच होते. काका ते होऊ देत नसत. ज्या घराण्याची पोरं कमी, त्याला आधी संधी. वासरांच्या आया रानातच राहिलेल्या, त्यामुळे माहेर शोधायचं ते केसांच्या मुळांतून. बेसमेंटमध्ये त्यांचा एक आडवा फ्रीझर होता. अर्ध्यात बायसनांच्या केसांची पाकिटं, अर्ध्यात काकूंचे ओले नारळ आणि पुरणाच्या पोळ्या.

"एकदा पाहुण्यांसमोर मी चुकून केसच बाहेर काढले," शालूकाकू सांगायच्या. "पाहुण्यांना वाटलं, आम्ही करणी-बिरणी करतो."

मिल्टनचं एक जोडपं, आमच्याच गल्लीतलं, मुलासाठी सांगून आलेल्या मुलीची पत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेलं होतं. डॉक्टर सोयरिकी जुळवतात, इतकंच कुठूनतरी कानावर आलेलं. काकांनी पत्रिका बाजूला ठेवली.

"नातं काय मुलीचं?"

"माझ्या सख्ख्या भावाची मुलगी," बाई म्हणाल्या. "म्हणजे मामाचीच. गोत्र वेगळं आहे, ॲक्चुअली छत्तीस गुण जुळतायत."

"हाव, जुळतीलच. घरचेच गुण आहेत ते." काकांनी पत्रिका परत केली. "माझ्याकडच्या बायसनालासुद्धा मी हे करू देत नाही बाई. आपल्या लोकांनी बापाकडून पहारा बसवला अन् आईकडून फाटक उघडं ठेवलं."

ते जोडपं पुन्हा कधी काकांकडे गेलं नाही. लग्न केलं की नाही, मला माहीत नाही.

मी त्यांच्याबरोबर उत्तरेला एकदाच गेले होते, कळप शाबूत असताना. एडमंटनपर्यंत मोठं विमान, पुढे डबडं. विमानात त्यांनी ओव्याची डबी पुढे केली आणि पहिला नियम सांगितला. "तिथे कुणाला नाव ठेवायचं नाही. टॅगचा नंबर म्हणायचा. नाव ठेवलं, की हातचा निर्णय गेला."

नियम त्यांनीच मोडलेला आहे हे पोचल्यावर तासाभरात कळलं. कुंपणाची आणि वासरांची देखभाल रोझ नावाची बाई करायची, तिथल्याच डेने या आदिवासी समाजातली, पन्नाशीची. जवळजवळ प्रत्येक जनावर तिने बाटलीवर वाढवलेलं. ती काकांना 'डॉक' म्हणायची आणि काका तिला मान देऊन 'मॅडम'. दोघं कुंपणाला टेकून उभे राहिले, आणि रोझने विचारलं, "डॉक, तुमची एकटी बघायची का आधी?"

हा शब्द ती मराठीतच बोलली. एकटी.

ती लांब उभी होती, कळपाच्या कडेला. गडद तपकिरी, एका शिंगाचं टोक झिजलेलं. दिसायला इतर गाईंपेक्षा वेगळं काही नव्हतं. वेगळं होतं ते आत. तिच्या माहेरचं दुसरं एकही जनावर त्या कुंपणात नव्हतं. काकांना ते रक्त रानातल्या इतर नमुन्यांतही पुन्हा सापडलं नव्हतं. तिला दोन वासरं झाली, दोन्ही नर. फक्त आईकडून जे वाहतं ते नराकडून पुढे जात नाही. काकांना कालवड हवी होती. मुलगी व्हावी म्हणून इतका आशेला लागलेला मराठी पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

"आत्ता गाभण आहे," ते म्हणाले. "या खेपेला होईल."

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल वाचायचा होता. मानेच्या कातडीत औषध टोचून ठेवतात आणि तीन दिवसांनी तिथे गाठ आली का पाहतात. एकेक जनावर खोड्यात घेत होते. पशुवैद्य एक तरुण गोरा माणूस, हातात मोजायची पट्टी. एकटी आत आली. त्याने मान चाचपली, पुन्हा चाचपली.

"डॉक्टर, इथे थोडी सूज आहे."

काकांनी हातमोजा काढून स्वतः बोट फिरवलं. "थोडी म्हणजे? ही गाठ नाही."

"गाठ नाहीच. पण काहीच नाही असंही मला लिहिता येणार नाही. शंकास्पद. नियम तुम्हालाही माहीत आहे."

नियम असा होता की शंका आली की जनावर काढायचं. काढायचं म्हणजे मारायचं. सगळे काकांकडे बघत उभे होते. रोझने खोड्याच्या दांड्यावर हात ठेवला होता. खोड्यात ती गाय जोरजोरात श्वास सोडत होती.

काका शांतपणे बोलले. सुईची जागाही सुजू शकते. रक्ताची चाचणी घ्या, तिला वेगळ्या वाड्यात ठेवा, विऊ द्या, मग पुन्हा टोचा. "हिच्यासारखी दुसरी नाही," ते म्हणाले. "कळप कशासाठी आहे आपला? आकडा भरायला, की हे टिकवायला?"

प्रकल्पाच्या समितीने त्यांचा शब्द मानला. रक्ताची चाचणी निर्मळ आली. पुढची कातडीचीही. आणि एकटीला कालवड झाली. ती बातमी सांगायला काकांनी मला सकाळी सहाला फोन केला. "बोला पत्रकबाई. पेढे खाऊन जा." मी मिल्टनहून गो ट्रेन आणि बस पकडून रिचमंड हिलला पेढे खायला गेले. काकूंनी खरोखरच केले होते. नेमकी तेव्हाच एक शेजारीण आली आणि विचारू लागली, कुणाला काय झालं. काकू म्हणाल्या, "यांच्याकडे मुलगी झाली." शेजारणीचा चेहरा मला अजून आठवतो.

कालवडीला एकटीपासून लवकरच तोडून मुख्य कळपात सोडलं. वर्षभराने एकटीही कळपात परतली, कारण चाचण्या निर्मळ होत्या आणि वेगळ्या वाड्याची जागा नव्या वासरांना हवी होती.

आणखी एक गोष्ट, आणि ही ठळक अक्षरांत वाचा. काका पहिल्यापासून संबंधित सरकारी खात्याला सांगत होते की कळप दोन ठिकाणी ठेवा. "बियाणं कधी एकाच कणगीत ठेवतात का? एकीला कीड लागली तर दुसरी असते." दरवेळी त्यांचं म्हणणं मान डोलावून ऐकलं जाई. दुसरी जागा पाहिलीही होती. पण दुसरं कुंपण काही उभं राहिलं नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. मी यावर पत्रक काढलं तेव्हा काकांनीच मला रागावून थांबवलं. "भांडून राहिलो तर जे आहे तेही बंद करतील." हा त्यांचा स्वभाव. सरकारी माणसासमोर ते नेहमी खुर्चीच्या कडेला बसत. तीस-पस्तीस वर्षं इथे राहून, इथला पासपोर्ट खिशात असून.

मग काही वर्षांनी क्षय निघाला. एका वळूच्या फुप्फुसात, तो दुसऱ्याच कारणाने मेल्यावर. पाठोपाठ आणखी काही जनावरांत. वर्षानुवर्षं शरीरात दडी मारून बसणारा रोग आहे हा, चाचण्यांना चकवणारा. एकटीला त्याच हिवाळ्यात मारलं. तिच्यात तो होता, आणि जुना होता. खात्याने जाहीर केलं की सगळा कळप काढायचा.

आमच्या संस्थेने कंबर कसली. मागणी साधी होती. सगळे मारू नका. चाचणीत निर्मळ असलेली तान्ही वासरं वेगळी काढा, सुरुवातीपासून पुन्हा तोच खटाटोप करा, पण या खेपेला दोन जागी. वेडी मागणी नव्हती. मोठे जाणकार खाजगीत म्हणत होते की करण्यासारखं आहे. पण उघड बोलणार कोण? ज्याच्या बोलण्याला वजन आहे असा एकच माणूस होता. उत्तरेतल्या त्या गावच्या हॉलमध्ये सभा ठरली. खात्याची माणसं येणार, गावकरी येणार, टीव्हीवालेसुद्धा. काकांनी वासरांची रक्तं सांगायची, त्यात काय आहे जे जगात दुसरीकडे नाही ते सांगायचं, आणि खात्याने दुसरं कुंपण कसं टाळलं ते सांगायचं. मुद्दे मी काढून दिले होते. काका म्हणाले, "हाव, वाचले."

हॉलमध्ये गावातले जवळजवळ सगळे होते. रोझ पहिल्या रांगेत. काका उभे राहिले. मी माझ्या आठवणीतून लिहिते आहे, शब्द थोडे इकडेतिकडे असतील.

ते म्हणाले, "या कळपात कोण राहील आणि कोण जाईल हे बरंचसं माझ्या शब्दावर चाललं. नियम होता, शंका आली की काढा. एका गाईसाठी मी तो नियम वाकवला. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रोग तिच्यातूनच पसरला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. आज मला तुमच्यापुढे उभं राहून सांगायचं होतं की ही वासरं ठेवा, ती निर्दोष आहेत. तिच्याबद्दलही मी असंच सांगितलं होतं. माझ्या शब्दावर यांना ठेवू नका."

आणि ते बसले.

सिद्ध झालं होतं का ते? नाही. रोग दुसऱ्या जनावरातून आला असेल, पहिल्याच वासरांतून आला असेल. शक्यता होती, बस. पण खात्याचा माणूस उठला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याने डॉक्टरांच्या दुर्मिळ प्रामाणिकपणाचे आभार मानले. शास्त्रज्ञ असावा तर असा, म्हणाला. सभा तिथेच संपली. नंतर मी उठून दुसऱ्या कुंपणाचं विचारलं, तेव्हा लोक कोट घालत होते. टीव्हीवाल्यांनी यंत्रं आवरली होती. त्यांना हवी ती बातमी मिळाली होती, म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा कबुलीजबाब.

रोझ काकांपाशी आली. ती ओरडली नाही.

"डॉक, तुमचं मन हलकं झालं?"

"नाही, मॅडम."

"मग कशासाठी केलंत? बाटली मी पाजली त्यांना. निदान तुमच्यामुळे ती जगतील असं मी घरी सांगून आले होते." ती निघून गेली. काका त्याच खुर्चीवर बसून राहिले. एक मुलगा येऊन बाकीच्या खुर्च्या घडी करायला लागला, तरी उठेनात.

परतताना विमानतळावर मी त्यांना सोडलं नाही.

"तुमची चूक सांगितलीत, ठीक. दुसऱ्या कुंपणाचं का नाही बोललात?"

"ते बोललो असतो, तर माझं पाप त्यांच्यावर ढकलून राहिलो असं झालं असतं."

"पण ते खरं होतं ना काका?"

"हाव. खरं होतं."

"मग?"

चिडले की त्यांच्या 'मला'चं 'मले' व्हायचं. "मले नाही जमत तसं. ज्याच्या हातून झालं त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. आमच्या घरी असं शिकवलं नाही."

आमच्या घरी असं शिकवलं नाही. हे वाक्य मी कित्येक मराठी घरांत ऐकलंय, अभिमानाने म्हटलेलं. या एका वाक्याने तो कळप मारला. खात्याने नव्हे, क्षयानेही नव्हे, एका सभ्य माणसाच्या सभ्यपणाने. ज्यांनी वर्षानुवर्षं काहीच केलं नाही त्यांना कुणी प्रश्न विचारला नाही, कारण ज्याने काहीतरी केलं होतं तो आधीच हात वर करून उभा राहिला. चूक एकाची होती आणि गुन्हा दुसऱ्यांचा, आणि या माणसाला दोन्ही एकाच तागडीत टाकायचे नव्हते, म्हणून त्याने गुन्हा सोडूनच दिला. विमानात आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांनी ओव्याची डबी पुढे केली. मी घेतली नाही.

कळप वितळत्या बर्फाच्या दिवसांत मारला. तान्ही वासरंही. एकटीच्या कालवडीला तेव्हा स्वतःचं वासरू होतं. तपासणीत त्या मायलेकरांमध्ये काही सापडलं की नाही, ते मी विचारलं. मला कुणी सांगितलं नाही. काकांना ठाऊक होतं, असं काकू म्हणाल्या, पण त्यांनी घरातही सांगितलं नाही.

त्यानंतर काका टीव्हीवर कर्लिंग बघायला लागले. बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं, हा खेळ त्यांना आयुष्यभर हास्यास्पद वाटत आला होता. आता तासन्‌तास बघत. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा तेव्हाच काय ते बाहेर येत. मी फोन करायचं सोडलं. काकू मधून मधून करत.

काही वर्षांनी जाणकारांच्या राष्ट्रीय समितीने वुड बायसनांचा धोका कमी झाल्याचं सांगितलं. एके काळी संपत आलेला प्राणी आता तितका संकटात नाही. आकडे वाढले होते, खोटं कुणी बोलत नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो आले. आमच्या मंडळात कुणीतरी ती बातमी वाचली आणि कुणालातरी आठवलं की आपले खानझोडे यात होते. लगेच सत्कार ठरला. काकूंनी मला बोलावलं. "तू ये गं. ते नाही म्हणून राहिले, पण लोकांनी हॉल घेऊन ठेवला." म्हणून मी गेले.

एका हायस्कूलचं सभागृह. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. सूत्रसंचालन करणारा तरुण आयटीतला, आवाज चांगला. तो म्हणाला, "एका महाकाय रानटी प्राण्याला ज्यांनी जवळजवळ एकहाती वाचवलं, असे आपले डॉक्टरकाका." काका व्यासपीठावर बसून बुटांकडे बघत होते. खूपच थकले होते. मनोगत नको, म्हणाले. मग मुलांनी प्रश्न विचारायचे असा कार्यक्रम होता. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी परकर-पोलकं सावरत माइकपाशी आली.

"अंकल, हाऊ मेनी डिड यू सेव्ह?"

सभागृह कौतुकाने हसलं. काका हळूच उठून माइकपाशी आले, तिच्या उंचीला वाकले. इंग्रजीतच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माझ्याकडे जे होते, बाळा, त्यातला एकही नाही."

मग सूत्रसंचालक पुढे झाला. "पाहिलंत? सो हम्बल. ही असते खरी नम्रता." आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, मग मागच्या. काकांनी मान हलवली, नाही नाही म्हणाले, पण माइक आता सूत्रसंचालकाच्या हातात होता. टाळ्या थांबवायला त्यांनी उजवा हात वर केला. लोकांना वाटलं अभिवादन करतायत. टाळ्या आणखी वाढल्या. त्यांनी दुसराही हात वर केला. शाल खांद्यावरून घसरली, ती कुणीतरी मागून पुन्हा नीट बसवली.

मी उभी राहिले नव्हते. माझे हात मांडीवर होते. उभ्या माणसांच्या मधून त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. माझ्या मनात तेव्हा त्यांच्याविषयी दया नव्हती. मी रागानेच बसले होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी दोन्ही हात खाली घेतले आणि इतक्या माणसांतून एकट्या मला, वाकून, नमस्कार केला.